थिम्मा: माणदेशाच्या कुंपणावरची दुरंगी बोगनवेल

(दृश्य: आटपाडी तालुक्यातील एका घराचे कुंपण, सकाळचे ऊन)

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, माणदेशात, पावसाळा सरून महिना उलटला की माळ पुन्हा पिवळा पडू लागतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत आटपाडी तालुक्यातील या घराच्या कुंपणावर पांढऱ्या आणि गडद गुलाबी रंगांचे घोस एकाच वेलीला लगडलेले दिसतात. जरा जवळून पाहिले की पानेही साधी नाहीत हे लक्षात येते. पानाच्या मधोमध पिवळसर छटा पसरलेली आहे, कडेला हिरवा रंग उरला आहे, आणि ही नक्षी कोणत्याही दोन पानांवर सारखी उतरलेली नाही. ही थिम्मा. रोपवाटिकेत बोगनवेलीचा हा वाण याच नावाने मागितला जातो.

(दृश्य: एका घोसाचे जवळून चित्रण)

ज्यांना आपण फुलाच्या पाकळ्या समजतो, ती खरे तर रंगीत झालेली पानेच असतात. खरी फुले म्हणजे त्यांच्या मध्ये दिसणाऱ्या या तीन बारीक, फिकट नळ्या. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची. बूगँव्हील या फ्रेंच दर्यावर्दीच्या जगप्रवासात, 1767 साली, त्याच्यासोबतचा वनस्पतितज्ज्ञ कॉमर्सन याने रिओ दि जानेरो येथे तिची नोंद घेतली आणि तिला आपल्या कप्तानाचे नाव मिळाले. थिम्मा मात्र भारतातली आहे. कोलकात्यात एका साध्या बोगनवेलीच्या एका डोळ्यातून, म्हणजे फांदीवर जिथून नवा फुटवा निघतो त्या जागेतून, पांढऱ्या-गुलाबी अशा दोन रंगांची फांदी फुटली, तिच्यापासून मेरी पामर हा वाण झाला, आणि पुढे मेरी पामरच्याच एका डोळ्यातून चितकबऱ्या पानांची फांदी निघाली, ती थिम्मा. बी पेरून किंवा संकर करून हे घडलेले नाही; कोणाच्या तरी सावध नजरेने वेगळा डोळा ओळखला आणि ती काडी जपली, म्हणून हा वाण आज आपल्या अंगणात आहे. बोगनवेलीच्या वाणांची आंतरराष्ट्रीय नोंदणी नवी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेकडे आहे, हेही येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

पानाच्या पिवळ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसते, त्यामुळे तो भाग झाडासाठी फारसे अन्न तयार करत नाही. साहजिकच थिम्मा साध्या बोगनवेलीपेक्षा सावकाश वाढते, आणि लहान रोपाला पहिल्या उन्हाळ्यात दुपारच्या उन्हापासून थोडा आडोसा द्यावा लागतो. एकदा मूळ धरले की मात्र तिला दिवसाकाठी किमान पाच-सहा तास थेट ऊन हवेच. सावलीत पाने छान दिसतात, पण घोस येत नाहीत.

(दृश्य: डाळिंबाची बाग, नंतर पुन्हा कुंपण, आजी आळ्यातली माती बोटांनी उकरून पाहत आहेत)

या घरच्या आजींचे सारे आयुष्य डाळिंबाच्या बागेत गेले आहे. बहार धरायचा तर आधी पाणी तोडायचे, बाग ताणावर सोडायची, पानगळ झाली की छाटणी करून मग पाणी द्यायचे, हे माणदेशातल्या शेतकऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही. बोगनवेलीलाही सौम्य स्वरूपात हेच मानवते. पाऊस थांबल्यावर आजी पाणी बंद करतात, वरची चार बोटे माती कोरडी होऊन कोवळे शेंडे किंचित मान टाकू लागले की फांद्यांची टोके खुडतात, आणि त्यानंतरच आळे भरतात. घोस नव्या फुटव्यावर येतात, त्यामुळे साधारण महिना-दीड महिन्यात वेल रंगते. रोज पाणी आणि वर युरिया, असे लाड केलेली वेल नुसती पाला वाढवते. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तेथे नव्या बंगल्यांपुढे विकतची हिरवळ अंथरण्यापेक्षा हे झाड लावणे कितीतरी शहाणपणाचे आहे, असे आम्हाला मनापासून वाटते.

सांगली-मिरजेकडच्या कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात. तेथे खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळून रोप उंचवट्यावर लावावे.

(दृश्य: कात्री धरलेला हात, बुंध्याजवळचा हिरवा धुमारा)

आता हा धुमारा पाहा. तो इतर फांद्यांपेक्षा जाड आहे, सरळ वर निघाला आहे, आणि त्याच्या एकाही पानावर पिवळ्याचा मागमूस नाही. चितकबऱ्या झाडातून असा निव्वळ हिरवा फुटवा अधूनमधून निघतोच, आणि सगळे पान हिरवे असल्याने तो बाकीच्या फांद्यांना मागे टाकून झपाट्याने वाढतो. आजी त्याला मधूनच तोडत नाहीत. काटे चुकवत तो थेट जिथून निघाला तिथपर्यंत कात्री नेतात आणि खोडालगत कापतात, कारण खुंट राहिला तर त्यावरच्या डोळ्यांतून पुन्हा हिरवेच फुटते. हे काम वर्षभर लक्षात ठेवून करावे लागते. तसे न केल्यास काही वर्षांत झाडावर हिरवाच पाला माजतो.

(दृश्य: शेडनेटखाली पिशव्या भरण्याचे काम)

बियांतून थिम्मा मिळत नाही, काडीच लावावी लागते. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची पक्व काडी घ्यावी, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली द्यावा, तेथे मुळे फुटण्याची पावडर लावावी आणि वाळू मिसळलेल्या मातीत दोन डोळे गाडले जातील अशी ती रोवावी. काडी निवडताना त्या फांदीवरची पाने नीट पाहावीत. सगळी हिरवी असतील तर हाती येणारे रोप हिरवेच राहील. सगळी पिवळी असतील तर मुळे फुटली तरी स्वतःचे अन्न करता न आल्याने ते फार काळ जगणार नाही. प्रत्येक पानावर दोन्ही रंग असलेली फांदीच मागून घ्यावी.