खेळला गेला, पण मोजला का?

मंडळी, पेलेनं ब्राझीलसाठी किती गोल केले, या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही छापली जातात. फिफाच्या हिशेबात 92 सामन्यांत 77, तर ब्राझीलच्या महासंघाच्या हिशेबात 95. मधले 18 गोल काही हवेत झालेले नाहीत. जर्सी तीच होती, मैदान खरं होतं, फक्त समोर कधी क्लब होता, तर कधी एखादा निवडक संघ. सप्टेंबर 2023 मध्ये नेमारनं बोलिव्हियाविरुद्ध दोन गोल करून 79 गाठले, तेव्हा विक्रम मोडला की नाही याचा वाद मैदानावर सुटणारा नव्हताच. तो नोंदवहीतला वाद होता.

आधी एक घोळ निस्तरू. ‘मैत्रीपूर्ण’ आणि ‘अनधिकृत’ हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थानं वापरतो, पण त्यांचा अर्थ एक नाही. मैत्रीपूर्ण म्हणजे कुठल्याही स्पर्धेचा भाग नसलेला सामना. तो पूर्णपणे अधिकृत असू शकतो. त्यात कॅप मिळते (म्हणजे देशाकडून खेळल्याची नोंद होते), गोल मोजले जातात, फिफाच्या क्रमवारीचे गुण हलतात. अनधिकृत म्हणजे ज्याची पूर्ण आंतरराष्ट्रीय सामना अशी नोंदच होत नाही तो.

पहिली कसोटी सोपी: दोन्ही बाजूंना फिफाच्या सदस्य महासंघांचे पहिले संघ हवेत, ज्यांना आपण ‘अ’ संघ म्हणतो. समोर क्लब आला, ‘ब’ संघ आला किंवा प्रांताचा संघ आला, की सामना या यादीतून बाहेर. डिसेंबर 2009 मध्ये कॅटलोनियानं कॅम्प नोऊवर अर्जेंटिनाला 4-2 हरवलं, पण कॅटलोनिया फिफाचा सदस्य नाही, त्यामुळे तो निकाल अर्जेंटिनाचा पराभव म्हणून मोजला जात नाही. गंमत अशी की ब्राझीलचा महासंघ आपला पहिला सामना म्हणून जो सांगतो, तो 21 जुलै 1914चा, एक्सेटर सिटी या इंग्लिश क्लबाविरुद्धचा, 2-0 असा जिंकलेला. म्हणजे ज्या संघाचे सर्वाधिक विश्वचषक, त्याची वही क्लबाविरुद्धच्या सामन्यानं उघडते.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. दोन महासंघ एकाच सामन्याकडे दोन नजरांनी पाहू शकतात. 14 मे 1953 रोजी ब्युनोस आयर्सला अर्जेंटिनानं इंग्लंडला 3-1 हरवलं. एर्नेस्तो ग्रिल्योच्या गोलामुळे तो दिवस तिथे फुटबॉलपटू दिन म्हणून साजरा होतो. इंग्लंडच्या वहीत मात्र तो राष्ट्रीय संघाचा सामना नाही. त्यांच्या मते खेळला तो त्यांच्या असोसिएशनचा निवडक संघ. तीन दिवसांनी झालेला पुढचा सामना पावसानं पूर्वार्धातच थांबवला, 0-0 वर, आणि तो इंग्लंडनं पूर्ण आंतरराष्ट्रीय म्हणून धरला! नव्वद मिनिटं झालेला सामना बाहेर, अर्धवट राहिलेला आत. म्हणून आकडेवारी लिहिताना ‘कोणाच्या नोंदीनुसार’ हे शब्द गाळू नयेत.

आता बदली खेळाडूंकडे येऊ, कारण स्पर्धेची तयारी करणारे संघ इथेच सगळ्यात जास्त फसतात. फेब्रुवारी 2003 मध्ये इंग्लंडचे प्रशिक्षक एरिक्सन यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध मध्यंतराला अकराच्या अकरा खेळाडू बदलले. सामना 3-1 असा हरले, ते सोडा. पण अशा सामन्यांना अर्थ काय उरतो, ही ओरड त्यातून वाढली आणि 2004 मध्ये ‘अ’ संघांच्या मैत्रीपूर्ण सामन्यांवर सहा बदलांची मर्यादा आली. ती मोडली तर काय होतं, हे बेल्जियमला मे 2014 मध्ये कळलं. विश्वचषकाच्या तोंडावर त्यांनी लक्झेंबर्गला 5-1 हरवलं, रोमेलू लुकाकूनं हॅट्ट्रिक केली, पण प्रशिक्षक विल्मोट्स यांनी सातवा बदल केला. सामन्याचा अधिकृत दर्जा गेला आणि त्याबरोबर लुकाकूचे तीन गोलही. संघ व्यवस्थापकानं बाकावर बदलांचा तक्ता हातात ठेवायचा असतो तो याचसाठी. मर्यादेचा आकडाही बदलत राहतो, म्हणून जुन्या आठवणीवर विसंबू नये; त्या दिवशी लागू असलेला नियम वाचावा.

मुद्दाम अनधिकृत खेळायचं असेल तर गोष्ट वेगळी. बंद दाराआड तीस-तीस मिनिटांचे तीन किंवा चार भाग खेळता येतात, वीस-बावीस जणांना पळवता येतं. फुटबॉलच्या नियमावलीतला नियम 3 तशी मुभा देतो, पण दोन अटींवर: बदलांची कमाल संख्या दोन्ही संघांनी मिळून ठरवायची आणि सामन्याआधी पंचाला सांगायची. हे तोंडी उरकलं की मध्यंतरानंतर हमखास वाद होतो. एक कागद करावा. बाहेर गेलेला परत येऊ शकतो का, किती भाग, लाल कार्ड दिसलं तर दुसरा उतरवायचा का, हे त्यावर लिहावं. मात्र अशा सामन्यातल्या निकालावर भिस्त ठेवू नये. जून 1988 मध्ये इंग्लंडनं एल्सबरी युनायटेड या छोट्या क्लबाला 7-0 धुतलं आणि त्याच महिन्यात युरो स्पर्धेत तिन्ही सामने गमावले.

कागद नीट नसले की त्याहून वाईटही घडतं. सप्टेंबर 2010 मध्ये बहरीननं टोगोला 3-0 हरवलं. नव्वद मिनिटं खेळण्याइतकाही दम या संघात नाही, असं बहरीनच्या प्रशिक्षकांना वाटलं. नंतर कळलं की तो टोगोचा संघच नव्हता! फेब्रुवारी 2011 मध्ये तुर्कस्तानातल्या अंताल्याला एकाच दिवशी दोन सामने झाले: लाटव्हिया-बोलिव्हिया 2-1 आणि एस्टोनिया-बल्गेरिया 2-2. सातही गोल पेनल्टीवर. पंचांवर पुढे फिफानं बंदी घातली. दोन्ही घटनांत सामना जुळवून देणाऱ्या मधल्या दलालावर भरवसा ठेवला गेला होता. म्हणून पाहुण्या महासंघाशी थेट पत्रव्यवहार करावा, खेळाडूंची यादी त्यांच्याच कार्यालयातून मागवावी आणि पंच कोणी नेमले, त्यांचं मानधन कोण देतंय, हे विचारायला लाजू नये.

क्रमवारीचं गणित ऑगस्ट 2018 पासून बदललं. विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपासून सामन्याचं वजन 60, पात्रता सामन्याचं 25, फिफानं राखून ठेवलेल्या दिवसांतल्या मैत्रीपूर्ण सामन्याचं 10 आणि त्या दिवसांबाहेरच्याचं फक्त 5. प्रत्यक्ष निकालातून (विजय 1, बरोबरी 0.5, पराभव 0) अपेक्षित निकाल वजा करायचा आणि वजनानं गुणायचं. समजा एकाचे 1600 गुण, दुसऱ्याचे 1480. फरक 120, तो 600 नं भागला की 0.2, त्यातून वरच्या संघाची अपेक्षा निघते सुमारे 0.61. राखीव दिवसांत तो जिंकला तर जवळपास 3.9 गुण मिळतात, बरोबरीत 1.1 जातात आणि हरला तर 6.1. बाहेरच्या दिवसांत हे सगळं निम्मं. अनधिकृत सामन्यात शून्य.

जुन्या पद्धतीत सरासरी धरली जायची आणि मैत्रीपूर्ण सामना जिंकूनही सरासरी खाली येऊ शकत होती. पोलंडनं नोव्हेंबर 2016 ते नोव्हेंबर 2017 मैत्रीपूर्ण सामनेच खेळले नाहीत आणि 2018च्या विश्वचषकाच्या सोडतीत पहिल्या पॉटमध्ये, म्हणजे क्रमवारीनुसार वरच्या संघांच्या भांड्यात, जागा मिळवली. स्पेन दुसऱ्या पॉटमध्ये राहिला. मला यात पोलंडचा दोष दिसत नाही. गणितच तसं होतं.

राखीव दिवसांचा दुसरा अर्थ क्लबांना जास्त भिडतो. त्या दिवसांत क्लबाला खेळाडू सोडावाच लागतो, इतर वेळी नाही. 2012 पासून फिफाची विमा योजना आहे: ‘अ’ संघाच्या वेळापत्रकातल्या सामन्यासाठी गेलेला खेळाडू 28 दिवसांहून अधिक काळ जायबंदी झाला, तर क्लबाला त्याचा पगार भरून मिळतो, दिवसाला 20,548 युरोपर्यंत आणि एकूण 75 लाख युरोपर्यंत. वेळापत्रकाबाहेर क्लबाशी सराव सामना ठेवला तर ही छत्री नाही, वेगळा विमा काढावा लागतो.

खेळाडूच्या बाजूनं पाहिलं तर मैत्रीपूर्ण सामना त्याला देशाशी कायमचा बांधत नाही. दिएगो कोस्टा मार्च 2013 मध्ये ब्राझीलकडून इटली आणि रशियाविरुद्ध उतरला होता. दोन्ही सामने मैत्रीपूर्ण होते, म्हणून वर्षभरानं तो स्पेनकडून खेळू शकला.

नोंदी ठेवणाऱ्यांनी अनधिकृत सामने वहीतून काढून टाकू नयेत. वेगळ्या रकान्यात लिहावेत, शेजारी कारण द्यावं: क्लब, ‘ब’ संघ, जास्त बदली, अर्धवट. बेरीज दोनदा करावी. पेलेसमोर 77 आणि 95 दोन्ही लिहावेत, मधल्या 18 समोर प्रतिस्पर्धी आणि तारखा.