सतलजची वाळू आणि झाकडीचं पॉवरहाऊस

हे जे सिमेंट कालवल्यासारखं राखाडी पाणी दिसतंय ना, ही सतलज. तिबेटातून येते, शिपकी ला या खिंडीजवळ भारतात शिरते, पुढे खाबला तिला स्पिती नदी मिळते, आणि स्पितीचा सगळा मुलुख कोरडा, ठिसूळ डोंगरांचा, त्यामुळे ती येताना गाळ घेऊनच येते.

हिमाचलच्या किन्नौरमधल्या नाथपाला हे पाणी वळवलंय. धरण तसं फार उंच नाही, साठेक मीटर, कारण इथे पाणी साठवायचं नाहीये, फक्त डोंगरात घालायचंय. मग 27 किलोमीटरहून लांब बोगदा, व्यास 10 मीटरच्या वर, खणताना मध्येच गरम पाण्याचे झरे लागले, म्हणजे बाहेर हिमालय आणि आत कामगारांना घामाच्या धारा!

बोगदा संपतो झाकडीला. तिथे जमिनीखाली पॉवरहाऊस, 250 मेगावॅटचे सहा युनिट, एकूण 1500. हा आकडा सगळेच सांगतात, पण मला विचाराल तर इथली खरी स्टोरी वाळूची आहे.

पाण्याला उतार मिळतो 400 मीटरहून जास्त, आणि त्या जोरात क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे, कण टर्बाइनवर आदळतात, क्वार्ट्झ स्टीलपेक्षा कडक. झिजलेलं पातं जवळून बघा, कड पातळ झालेली, अंगावर बारीक बारीक खड्डे, काही ठिकाणी तर धातूच गायब. म्हणून पात्यांवर टंगस्टन कार्बाइडचा थर फवारतात, तोही झिजतो, मग रनर, म्हणजे टर्बाइनचं पात्यांचं चाक, काढा, दुरुस्त करा, परत बसवा, हे चालूच.

गाळ आधीच अडवायला नाथपाला डोंगराच्या पोटात चार प्रचंड खोल्या कोरल्यात, प्रत्येकी 525 मीटर लांब. पाणी तिथे संथ होतं, जाड वाळू तळाशी बसते, ती परत नदीत सोडतात. बारीक कण मात्र सटकतातच.

आणि एवढं करूनही पुरात गाळ फारच वाढला की मशीन बंद. म्हणजे नदी दुथडी भरून वाहतेय आणि वीज शून्य, काय म्हणायचं याला!

झाकडीतून सुटलेलं पाणी पुढे थेट रामपूरच्या 412 मेगावॅटच्या प्रकल्पाच्या बोगद्यात जातं, गाळ काढायच्या वेगळ्या खोल्या नाहीत, तो खर्च वाचला, पण झाकडी थांबली की रामपूरही बसून.