काउंटरमागची गायनन

[दृश्य: पूर्व भागातली गल्ली, दुपार. आधी नुसता आवाज, मग चित्र.]

हा खटखटाट ऐकू येतोय ना, हा यंत्रमागाचा. सोलापुरात एप्रिलमध्ये दुपारी तीनला माणूस तर सोडाच, कुत्रं पण सावली सोडत नाही, पण माग चालूच. ह्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक खानावळ आहे, बोर्डबिर्ड काही नाही, आत चार बाकडी, काउंटरवर कडक भाकरीची चळत, शेंगा चटणीचा डबा आणि डब्यामागं मावशी. मावशींचं नाव सांगत नाही, त्यांनीच बजावलंय. आणि हा व्हिडिओ मावशींवर नाहीचे, परग्रहावरच्या एका बाईवर आहे. थांब की बे, लगेच स्क्रोल करू नको.

तिचं नाव गायनन. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' नावाची अमेरिकन सिरीयल होती, १९८७ ते १९९४, सात सीझन. एंटरप्राइझ नावाचं भलंमोठं अंतराळयान, त्याचा टकलू कॅप्टन पिकार्ड, आणि त्या यानात दहाव्या मजल्यावर पुढच्या अंगाला एक बार, म्हणून बारचं नावच 'टेन फॉरवर्ड'. तो बार चालवणारी ही गायनन. डोक्यावर परातीएवढी टोपी, भुवया जवळजवळ नाहीतच, आणि वय काही शतकं. शतकं म्हणतोय मी. तिच्या जमातीला 'ऐकणारे लोक' म्हणतात. बोर्ग नावाच्या अर्ध्या माणूस अर्ध्या यंत्र टोळीनं तिचं जग उद्ध्वस्त केलं, उरलेसुरले विश्वभर पांगले, त्यातली ही एक.

आता आपल्याकडं मार्गदर्शक म्हटलं की काय डोळ्यासमोर येतं, दाढी, तेजोवलय, वर केलेला हात आणि मग अर्धा तास प्रवचन. गायननकडं ह्यातलं काहीच नाही. ग्लास पुसते आणि समोरच्याला बोलू देते. मध्येच एखादा प्रश्न टाकते, तोही असा की ऐकणाऱ्याला वाटावं हे आपल्यालाच सुचलं. बरं, बाई अगदीच साधी आहे असंही नाही हां, क्यू म्हणून एक सर्वशक्तिमान आगाऊ प्राणी आहे सिरीयलीत, तो सुद्धा तिला बघून सावध होतो. का ते धड सांगितलेलंच नाही, आणि मला विचाराल तर बरंच केलं.

हे काम केलं वूपी गोल्डबर्गनं. ऑस्करचं नॉमिनेशन मिळालेली नटी टीव्हीवर, तेही छोट्या रोलसाठी, स्वतःहून येते म्हणते. निरोप दिला तिचा दोस्त लेव्हार बर्टननं, जो सिरीयलीत इंजिनियर जॉर्डी होता, आणि निर्मात्यांना आधी ती चेष्टाच वाटली. लहानपणी तिनं १९६६ ची जुनी स्टार ट्रेक बघितलेली, त्यात निशेल निकोल्स ही काळी बाई यानाची ऑफिसर, आणि पोरगी घरभर ओरडत सुटली की टीव्हीवर काळी बाई आहे आणि ती मोलकरीण नाहीये. गायनन हे नाव मात्र खरं आहे, टेक्सास गायनन म्हणून एक बाई अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात न्यूयॉर्कला चोरून दारूचे अड्डे चालवायची, तिच्यावरून घेतलंय.

१९८९ चा एक एपिसोड आहे, 'द मेझर ऑफ अ मॅन'. यानावर डेटा नावाचा यंत्रमानव ऑफिसर, आणि एका शास्त्रज्ञाला तो उघडून बघायचाय, तसे आणखी हजारो बनवायचेत. कोर्टात प्रश्न हा की डेटा माणूस का मालमत्ता. पिकार्ड केस हरायला आलाय, बारमध्ये येऊन बसतो. गायनन त्याला एवढंच म्हणते की जगात नेहमीच असे जीव असतात ज्यांना घाणेरडं काम देतात, ज्यांच्या सुखदुःखाचा विचार करावा लागत नाही. पिकार्ड म्हणतो, तू गुलामीबद्दल बोलतेयस. ती म्हणते, हा शब्द जरा जास्तच कडक होतोय. तो म्हणतो, नाही, हेच खरं आहे. शब्द त्याच्या तोंडून काढून घेतला तिनं! आणि समोर बसून हे कोण काढून घेतंय, तर एक काळी बाई. मी हा सीन किती वेळा बघितला मोजलेलं नाही.

आमच्याकडं केबल नवीन होती तेंव्हा. मित्राच्या घरी रेल्वे लाईन्सला बसून 'येस्टरडेज एंटरप्राइझ' बघत होतो. १९९० चा एपिसोड. काळाला भगदाड पडतं, बावीस वर्षं मागचं एक यान त्यातून बाहेर येतं, आणि क्षणात सगळंच बदलतं, शांततेचं यान युद्धनौका होऊन बसतं, क्लिंगॉन नावाच्या परग्रहावरच्या लढवय्या लोकांशी वीसेक वर्षं लढाई चालू, आणि कुणालाच कळत नाही काही बदललंय. फक्त गायननला कळतं. ती पिकार्डला जाऊन सांगते हे असं नसायला पाहिजे, ह्या यानावर लेकरं असायला पाहिजेत. पुरावा? नाही. त्या जुन्या यानाला परत पाठवायचं म्हणजे सव्वाशे माणसं मरायला पाठवायची, आणि आधार काय तर एका बारवालीला आतून वाटतंय. पिकार्ड तोंड वर करून तिच्याकडं बघतो, आणि आमच्याकडं लाईट गेली.

पुढं काय झालं ते मला कित्येक वर्षांनी लॅपटॉपवर कळलं. (त्या यानाला जिथं जाऊन मरायचं होतं त्या जागेचं नाव नरेंद्र थ्री आहे, खरंच, बघा हवं तर.)

[दृश्य: खानावळ. मावशी भाकरी मोजतायत.]

मावशींना ही गोष्ट सांगितली मी शूटिंगच्या वेळी. त्या गिऱ्हाइकाशी तेलुगूत बोलत होत्या, मध्येच कन्नडमध्ये आत कुणाला तरी ओरडल्या, आणि मला मराठीत म्हणाल्या, मग त्या सायबानं ऐकलं का तिचं?

ऐकलं मावशी.

टाशा यार नावाची एक ऑफिसर होती, पहिल्याच सीझनमध्ये मेलेली. गायनन यानावर आली दुसऱ्या सीझनला, म्हणजे दोघींची भेटच नाही. पण त्या बिघडलेल्या काळात टाशा जिवंत आहे, आणि गायनन तिला तोंडावर सांगते की तू इथं असायला नको होतीस. टाशा स्वतःहून त्या जुन्या यानावर जाते, मरायला. काळ जागेवर येतो. कुणालाच काही आठवत नाही, गायननलाही नीटसं नाही, नुसतं काहीतरी आत हलतंय.

शेवटच्या सीनमध्ये ती टेबलापाशी येऊन जॉर्डीसमोर बसते आणि म्हणते, मला टाशा यारबद्दल सांग.

[दृश्य: मावशी काउंटरवर हात टेकून. आवाज फक्त मागाचा.]