ढालीपलीकडे

(पिकअपच्या मागच्या फळीवर कातड्याचा जाड तुकडा. सुरी. दोन हात.)

वरचं काळं, राठ केसांचं दिसतंय ते कातडं. त्याच्याखाली हे पांढुरकं, चिवट आहे, ते बघा. सुरी इथे अडते. हात दाबतो, मनगट वळवतो, तेव्हा कुठे ती पुढे सरकते.

ही नर रानडुकराची ढाल. दोन्ही फऱ्यांवरून मागे बरगड्यांपर्यंत पसरलेली. नर एकमेकांशी झुंजतात ते सुळ्यांनी, आणि मार बसतो तो इथेच. वय वाढतं तशी ही जागा जाड आणि टणक होत जाते. पट्टी लावून मोजली. सव्वा इंच.

आता सुरीच्या टोकापाशी बघा. काहीतरी चमकतंय. बाणाचं पातं आहे. मोडकं, गंजलेलं, भोवती मांस भरून आलेलं. कोणीतरी कधीतरी मारलेला बाण ढालीत अडकला, दांडी मोडून पडली आणि डुक्कर ते लोखंड अंगात घेऊन फिरत राहिलं.

(सहा सेकंद निवेदन नाही.)

हा टेक्सासचा हिल कंट्री. चुनखडीचा खडक, ओकची बुटकी झाडं, मध्येच निवडुंगाची बेटं. ड्रोन वर जातो तेव्हा कुरणाचा हा कोपरा नांगरल्यासारखा दिसतो. इथे नांगर फिरलेला नाही. एका रात्रीत कळपाने मुसंड्या मारून माती उलथली आहे. कोकणात आमच्या भातात डुकरं उतरली की सकाळी बांधावरून हेच दिसायचं. म्हणून मी कॅमेरा घेऊन इथे आलो.

डुकरं अमेरिकेची मूळची नव्हेत. १५३९ मध्ये स्पेनचा एर्नांदो दे सोतो फ्लोरिडात उतरला, तेव्हा त्याने जहाजातून डुकरं आणली होती. पाळलेली सुटली, रानटी झाली. १९३० च्या दशकात शिकारीच्या हौशीपायी युरोपातली रानडुकरं टेक्सासात सोडली गेली, ती यांच्यात मिसळली. आज एकट्या या राज्यातला अंदाज २६ लाखांपर्यंत जातो. २०१९ पासून खाजगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने, रानडुक्कर मारायला इथे शिकारीचा परवानाही लागत नाही. आपल्याकडे गोष्ट वेगळी. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि परवानगीशिवाय रानडुकराला हात लावणं हा गुन्हा आहे.

(पत्र्याची शेड. ट्यूबलाइट. लांब टेबलावर बाण मांडलेले.)

धनुष्यबाणाची शिकार रानात सुरू होते असं वाटतं. ती सुरू होते इथे, या शिकाऱ्याच्या शेडमध्ये.

टेबलावर दोन बाण आहेत. डावीकडचा हलका, ४०० ग्रेन, म्हणजे साधारण २६ ग्रॅम. उजवीकडचा ६५० ग्रेन, ४२ ग्रॅम. धनुष्य एकच, ताण तोच. हलका बाण सेकंदाला २८० फुटांनी सुटतो, जड २२५ फुटांनी. दुकानात डावीकडचा जास्त खपतो, कारण वेगाचा आकडा छापता येतो. पण वजन आणि वेग यांचा गुणाकार करा. जड बाणाचा संवेग जवळपास तीस टक्क्यांनी जास्त निघतो. ढालीतून आणि हाडातून जायला लागतो तो हा रेटा.

आता हा प्रसंग बघा. जुन्या टायरच्या रबरावर कातडं ताणून लावलंय. हलका बाण. थप्प. अर्धा आत, अर्धा बाहेर थरथरतोय. जड बाण. पिसांपर्यंत आत. पुन्हा दाखवतो, हळू गतीत.

पण नुसतं वजन वाढवून भागत नाही आणि या शेडमधले तीन दिवस मी तेच शिकलो. डॉ. एड ॲशबी यांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल प्रांतात मोठ्या जनावरांवर बाण नेमके कसे आणि किती आत जातात, याच्या नोंदी घ्यायला सुरुवात केली. ते काम त्यांनी पुढे वर्षानुवर्षं चालवलं. त्यातून बारा गोष्टींची उतरंड तयार झाली. त्यात वजन सहाव्या पायरीवर आहे. पहिल्या पायरीवर आहे बाणाचं साबूत राहणं. पातं वाकलं, दांडी तडकली, तर बाकीचं सगळं तिथेच संपलं. मघाचं ते मोडकं पातं आठवा.

म्हणून हे पितळी इन्सर्ट. दांडीच्या तोंडात बसतं, १०० ग्रेन. चिकटवण्याआधी आतली नळी स्पिरिटने पुसायची, सांधा गोल फिरवत बसवायचा. बाहेरून ही स्टीलची बारीक कॉलर. हे सगळं कॅमेऱ्यात फार लहान दिसतं, पण मारा हाडावर बसला की दांडी फुटते ती इथेच.

दुसरी पायरी उड्डाणाची. धनुष्यातून सुटताना बाण सरळ नसतो. तो लवतो, माशासारखा वळवळतो. शेपूट हलत असताना पातं आदळलं, तर जोर बाजूला खर्ची पडतो. त्यासाठी ही कागदाची चौकट. सहा पावलांवरून बाण कागदातून सोडायचा आणि फाटलेलं भोक वाचायचं. डावीकडे लांब चीर गेली. धनुष्यावरचा बाणाचा आधार केसभर सरकवला. पुन्हा. चीर थोडी आखूड झाली. पुन्हा. दुपार सरली, कागद बदलले, आणि हे बघा: मधोमध गोल भोक आणि भोवती पिसांच्या तीन रेघा. शिकारी काही बोलला नाही. त्याने तो कागद फाडून भिंतीला टाचला.

तिसरी पायरी तोलाची. २८ इंचांची दांडी, मध्य १४ इंचांवर. पण बोटावर तोलली तर ती मागच्या टोकापासून २१ इंचांवर थांबते. तोल मध्यापासून सात इंच पुढे, म्हणजे २५ टक्के. डोकं जड असलं की ते शेपटाला ओढून नेतं, आणि दांडी लवकर सरळ होते.

आणि पातं. एकसंध स्टील, दोनच धारा, रुंदीच्या तिप्पट लांबी. आदळल्यावर उघडणारी पाती मोठी जखम करतात खरी, पण उघडायला लागणारा जोर ती बाणातूनच घेतात. हरणावर ते चालून जातं, ढालीवर नाही. या पात्याची प्रत्येक धार एकाच बाजूने घासलेली आहे, म्हणून आत शिरताना ते फिरतं. पिसंही त्याच दिशेने पिळून लावली आहेत. हाड लागलं तर पातं फिरत फिरत त्याची फाक करतं.

(धार लावण्याचा दगड. पाण्याचा थेंब. घासण्याचा आवाज.)

इथे मला थांबायचं होतं. शिकारी प्रत्येक पात्याला वीस मिनिटं देतो. दगड, मग बारीक दगड, मग चामड्याचा पट्टा. शेवटी मनगटावरचे केस उतरवून बघतो. त्याचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत आहे.

(संध्याकाळ. झाडावरचा मचाण. वारा समोरून.)

डुकराची नजर मंद, पण नाक जबर. म्हणून वारा तोंडावर घेऊन बसायचं. आधी डुकरिणी येतात, मग पिल्लं. नर सगळ्यात शेवटी, झाडीच्या कडेकडेने.

जड बाणाची एक अडचण आहे. लांबवर तो खाली झुकतो. म्हणून इथे वीस यार्डांपलीकडे बाण सोडायचा नाही, हा नियम. आज १८ यार्ड.

डुकराचं हृदय आणि फुप्फुसं हरणापेक्षा पुढे आणि खाली असतात, कोपराच्या अगदी मागे. नर तिरपा, पाठ थोडी आपल्याकडे करून उभा राहायला हवा. मग बाण ढालीच्या मागून शिरतो आणि पुढच्या बाजूला निघतो. तो निघणं महत्त्वाचं, कारण शिरल्याचं भोक चरबीने बुजतं. निघाल्याच्या भोकातून रक्त सांडलं नाही, तर माग लागत नाही.

पुढचा पाय अजून मागे आहे. थांबायचं.

अजून मागेच.

आता.

(निवेदन नाही. चित्र आणि आवाज पूर्ण जाऊ द्या.)

बाण पलीकडच्या मातीत रुतलेला सापडला. सबंध. पिसांवरचं रक्त गुलाबी, फेसाळ. फुप्फुसातून गेल्याची खूण. नर चाळीस पावलांवर, निवडुंगाच्या पलीकडे पडला होता.

मांस तीन घरांत वाटलं. एका नराने कळप कमी होत नाही. ते काम आख्खा कळप कोंडणाऱ्या मोठ्या पिंजऱ्यांचं.

(शेड. रात्र. ट्यूबलाइट.)

बाण कोमट पाण्याने धुतला. दांडी टेबलावर लोळवून पाहिली, सरळ होती. इन्सर्टचा सांधा नखाने तपासला. पात्याच्या धारेवर, टोकापासून अर्ध्या इंचावर, बरगडी लागल्याची बारीक खाच दिसते आहे.

शिकाऱ्याने दगडावर पाण्याचा थेंब टाकला.