माठाचं पाणी आणि रोल धुणं

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘आपल्या उन्हाळ्यात घरच्या घरी रोल धुणे’. त्यातल्या ‘धुणे’ या शब्दाशी माझं भांडण आहे, ते आधी उरकून घेतो. आपण रोल धुवायला टाकायचो, फोटो धुऊन आणायचो. ऐकणाऱ्याला वाटतं, चित्र आत तयारच आहे, वरचा मळ निघाला की झालं. प्रत्यक्षात कॅमेऱ्यातून निघालेल्या रोलवर डोळ्यांना दिसेल असं काहीही नसतं. प्रकाश लागलेल्या कणावर चांदीच्या मोजक्या अणूंचा एक ठिपका बसलेला असतो, तेवढाच. डेव्हलपर त्या ठिपक्याला धरून अख्ख्या कणाची चांदी करतो. मग हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, उरलेले कण विरघळवून काढतो. आणि सगळ्यात शेवटी पाण्यानं धुणं येतं, तेही हायपो घालवायला. या शेवटच्या पायरीचं नाव सगळ्या कामाला द्यायचं, म्हणजे स्वयंपाकाला भांडी घासणं म्हणायचं! आणि शब्दानं नुकसान होतं. ज्याला हे धुणं वाटतं, तो वेळ मोजत नाही, तापमान बघत नाही. धुण्याला कोण घड्याळ लावतं?

दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई दादरच्या घरात फिल्मला छिद्रं पाडत, रसायनं कालवत. साल १९१२-१३. घरात फ्रीज नव्हता आणि दादर तेव्हाही दमटच होतं. हे लक्षात ठेवा, शेवटी तिथंच यायचंय.

आता कॅमेरा. घरी क्लिक थ्री किती जणांकडे आहे? बघा, निम्मे हात वर. ॲग्फाचा हा कॅमेरा बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनायचा, म्हणून तो आपल्याकडे घरोघर सापडतो. १२० चा रोल, १२ चौकोनी फोटो, शटरची एकच गती आणि ‘ऊन’ नि ‘ढग’ अशा दोन खुणा. बिघडायला आत फारसं काही नाहीच. मागचं झाकण उघडून शटर दाबा, पाकळी उघडून पटकन मिटली की कॅमेरा चालू. भिंग मऊ कापडानं पुसा, बास. ३५ मिलिमीटरवाल्यांचं दुखणं वेगळं. सत्तरच्या दशकातल्या यशिकासारख्या कॅमेऱ्यांत झाकणाच्या खाचेत फोम असतो, तो आता डांबर झालेला असतो. तो स्पिरिट आणि दातकोरणीनं खरवडून काढा आणि त्या खाचेत काळी लोकर बसवा. घडीचा, भात्याचा कॅमेरा असेल तर अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च लावून कोपरे बघा. चांदणं दिसलं तर तिथं काळा रंग किंवा चिकटपट्टी.

पण क्लिकवाल्यांची खरी तक्रार कुठली? ‘फोटोवर पांढरा ढग येतो, कॅमेरा गळतो.’ कॅमेरा गळत नाही हो! गुन्हेगार आहे मागची लाल खिडकी, आणि तिच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तिच्यापायी चांगले कॅमेरे शोकेसमध्ये जाऊन बसलेत.

१२० चा रोल म्हणजे फिल्म आणि तिच्या पाठीला लांबलचक कागद. कागदाच्या बाहेरच्या अंगाला आकड्यांच्या तीन रांगा: १६ फोटोंची, १२ ची आणि ८ ची. तुमच्या कॅमेऱ्याची खिडकी त्यातल्या एका रांगेसमोर येते, क्लिकची १२ च्या. खिडकीला लाल काच का? कारण या रोलचा जन्म १९०१ चा. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, डार्करूममध्येही लाल दिवा लावून काम चालायचं. आजची जवळपास प्रत्येक साधी कृष्णधवल फिल्म पॅनक्रोमॅटिक असते, तिला लाल दिसतो. म्हणजे खिडकीची काच आता निव्वळ शोभेची, सगळी भिस्त कागदाच्या काळ्या लेपावर. लेप समोरून आलेला प्रकाश बराचसा अडवतो, पण रोल सैल गुंडाळला गेला असेल तर प्रकाश कडेनं शिरतो आणि फ्रेमच्या काठावर फिल्म जाळतो. कधी कधी कागदावरचा आकडाच फोटोत उमटतो. मावशीच्या कपाळावर ‘७’! तेव्हा घरी भूतबाधेपर्यंत चर्चा जाते.

इलाज फुकट आहे. खिडकीवर काळ्या इन्सुलेशन टेपची झडप लावा, एक कड उघडता येईल अशी. रोल भरताना कागदाचं टोक रिकाम्या रिळाच्या चिरेत अडकवलं की अंगठ्यानं रोलवर हलका दाब ठेवून दोन-तीन वेढे घट्ट घ्या. हेही काम सावलीत. फोटो पुढे सरकवताना तुम्ही उन्हाकडे पाठ करा, कॅमेरा आपल्या अंगाच्या सावलीत धरा, झडप उचला, आकडा मधोमध येईपर्यंत सावकाश फिरवा, झडप बंद. बारावा फोटो झाला की कागद पूर्ण सुटेपर्यंत फिरवत राहा. रोल बाहेर काढलात की तो सैल पडू न देता पट्टी चिकटवा आणि लगेच काळ्या डबीत टाका. एवढं केलं आणि तरी ढग आला, तर मग कॅमेऱ्याला बोल लावा.

दुसरी चूक फिल्म निवडताना होते. दुकानात ‘४०० ची घ्या, चांगली असते’ म्हणतात. हा आकडा फिल्मच्या वेगाचा, जितका मोठा तितका प्रकाश कमी लागतो. क्लिकच्या शटरची गती सेकंदाचा तिसावा ते पन्नासावा भाग, भिंगाचं छिद्र एफ ११ च्या आसपास (एफचा आकडा मोठा, तितकं छिद्र लहान). आपल्या फेब्रुवारीच्या दुपारचं ऊन घ्या. सोळाच्या नियमानं १०० च्या फिल्मला एफ १६ वर सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, म्हणजे एफ ११ वर दोनशेवा. क्लिक १०० च्या फिल्मलाच दोन ते तीन स्टॉप जास्त प्रकाश देतो, एक स्टॉप म्हणजे दुप्पट. ४०० घातलीत तर चार-पाच. असली निगेटिव्ह उन्हासमोर धरली तरी कोळशासारखी दिसते. या कॅमेऱ्यांना १०० ची फिल्मच घाला, फोमापान १०० किंवा केंटमिअर १००. ४०० ची ठेवा पावसाळ्याला आणि देवळाच्या ओवरीला. जुनी, मुदत संपलेली फिल्म स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. तिच्यावर धुकं चढलेलं असतं आणि पैसे जवळपास तेवढेच जातात. आणि खरं सांगायचं तर क्लिक स्वस्त नाहीच, एका रोलला बाराच फोटो. स्वस्ताई हवी असेल तर ३५ मिलिमीटरची १०० फुटी रीळ घ्या आणि रिकाम्या कॅसेट अंधारात स्वतः भरा. एका रिळात ३६ फोटोंचे साधारण १८ रोल निघतात.

आता रसायनं. कॉफीत फिल्म डेव्हलप होते का, हे कुणीतरी विचारणारच. होते. लिटरला ४० ग्रॅम इन्स्टंट कॉफी, वर धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी. एकदा वापरून ओतून द्यायचं, आणि त्या वासानंतर घरात चहाच पितात. त्यापेक्षा डी-७६ करा. डेव्हलपरचा १९२७ चा नुस्खा, कोडॅकचा, आजही वेळेच्या सगळ्या तक्त्यांत पहिला. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार २ ग्रॅम. वजनाला सोनाराच्या काट्यासारखा खिशातला इलेक्ट्रॉनिक काटा, हातात मोजे. मेटॉलनं काहींच्या बोटांना खाज सुटते.

क्रम चुकवू नका. पाऊण लिटर पाणी ५० अंशांपर्यंत गरम करा. चिमूटभर सल्फाइट टाका, मग मेटॉल. ते पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाइट. घाईनं सगळं सल्फाइट आधी ओतलंत तर मेटॉल त्यात विरघळत नाही, तळाशी रवा बसतो. नंतर हायड्रोक्विनोन, टाकणखार, गार पाणी घालून लिटर पुरा. काठोकाठ भरलेल्या बाटलीत रात्रभर ठेवा, मग वापरा.

आणि इथं एका अक्षराचा घात आहे. दुकानात सोडियम सल्फाइट मागितलं की पुडीत पुष्कळदा सोडियम सल्फेट येतं. दिसायला दोन्ही पांढरी पावडर. सल्फाइट हवेतला ऑक्सिजन स्वतःवर घेतं आणि मेटॉल-हायड्रोक्विनोनला वाचवतं, सल्फेट तसं काही करत नाही. त्याचा डेव्हलपर बघता बघता चहाच्या रंगाचा होतो. लेबल वाचा, ‘अनहायड्रस सल्फाइट’ लिहिलेलं हवं. चुकून आलेली सल्फेटची पुडी मात्र फेकू नका, तिचं काम आहे.

हायपो सोपा. लिटरला २५० ग्रॅम खडे आणि १० ग्रॅम सल्फाइट. खडे विरघळताना पाणी गारेगार होतं, भांड्याला बाहेरून दव धरतं, म्हणून पाणी आधी चांगलं गरम घ्यायचं. मत्स्यालयवाले क्लोरिन मारायला जे खडे विकतात, ते हेच. फिल्मचा तुकडा त्यात बुडवून दुधट रंग जायला किती वेळ लागतो ते बघा, त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवा. ताज्या हायपोत दीड मिनिट लागत होतं आणि आता तीन लागतायत, तर तो संपला.

चिठ्ठी आलीये. दहा मिनिटं? आणि मुख्य विषय अजून पुढेच आहे. बरं, भरभर घेतो.

तक्ते सगळे २० अंशांचे. ही विलायती खोलीची हवा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून दुपारी जे येतं, त्यात डाळ भिजावी. मग लोक बर्फ आणतात. डेव्हलपर २० ला आणतात, हायपो ३० ला तसाच, धुवायचं पाणी ३३ ला. फिल्मवरचा थर जिलेटिनचा, तो एकदा आक्रसतो, एकदा फुगतो. सुरकुततो, नाहीतर नख लागलं तरी सोलून निघतो. फोमापानचा थर त्यातही मऊ. माझं म्हणणं एवढंच: २० च्या मागे लागू नका, सगळं पाणी एकाच तापमानाला ठेवा. आणि ते तापमान घरात आहे, माठात.

माठाचं पाणी बाष्पीभवनानं गार होतं, त्यामुळे हवा कोरडी असेल तितकं चांगलं. सोलापूर, नागपूर, पुण्याच्या मेमध्ये ते २४ ते २६ अंशांपर्यंत येतं. आदल्या रात्री भरा, सकाळी थर्मामीटर घाला, त्याच पाण्यात डेव्हलपर पातळ करा, हायपोची बाटली शेजारच्या बादलीत त्याच पाण्यात उभी करा, शेवटचं धुणंही त्याच पाण्याचं. वेळेचा हिशेब असा: दर अंशाला वेळ साधारण नऊ टक्के कमी. तक्त्यात एकास एक डी-७६ ला (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी) २० अंशांवर ११ मिनिटं असतील, तर २४ ला साडेसात, २६ ला सव्वासहा. क्लिकमध्ये प्रकाश जास्त झालाय हे माहीत असेल तर त्यातूनही पाचवा हिस्सा कमी करा. मात्र पाच मिनिटांखाली जाऊ नका. डेव्हलपर आत ओतेपर्यंतच अर्धं मिनिट जातं आणि आकाशात पट्टे येतात.

मुंबई, रत्नागिरी, पणजी इथं माठ फसतो, हवाच ओली, सरस्वतीबाईंच्या दादरसारखी. तिथं पाणी ३० लाच राहणार असं धरून चाला आणि डेव्हलपर पातळ करा, एकास तीन. २० अंशांवर २० मिनिटं दिली असतील तर ३० ला आठच्या आत. डेव्हलपिंगच्या टाकीत, म्हणजे रोल ठेवायच्या प्रकाशबंद डब्यात, निदान १२५ मिली मूळ डेव्हलपर गेला पाहिजे, नाहीतर तो मध्येच दमतो. आणि आता ती सल्फेटची पुडी काढा. कोडॅकच्या उष्ण प्रदेशांसाठीच्या डीके-१५ मध्ये लिटरला ४५ ग्रॅम सोडियम सल्फेट असायचं, जिलेटिन फुगू नये म्हणून. तेवढंच वापराच्या डेव्हलपरमध्ये घाला, डेव्हलप व्हायला थोडा जास्त वेळ लागेल. हलवणं हळू: पहिले दहा सेकंद चार उलथापालथी, मग दर मिनिटाला चार, आणि प्रत्येक वेळी टाकीचा बूड ओट्यावर टकटक, बुडबुडे सुटायला.

रोल टाकीत भरणं पहाटे करा. चेंजिंग बॅगेत, म्हणजे बाह्या असलेल्या प्रकाशबंद पिशवीत, दुपारी हात घातलेत की घामानं आतली हवा ओली होते आणि फिल्म प्लास्टिकच्या रिळात अडकते. अडकली तर ओढू नका. टाकीत टाका, झाकण लावा, हात बाहेर काढून पुसा, दहा मिनिटांनी परत. १२० ची चिकटपट्टी सावकाश सोडवा, झटक्यात ओढली की अंधारात निळी ठिणगी पडते आणि ती फिल्मवर उमटते.

हायपोनंतर पाणीकपातवाल्यांसाठी: टाकी भरा, पाच वेळा उलटा, ओता. भरा, दहा वेळा. भरा, वीस वेळा. दीड लिटरमध्ये काम होतं, नळ सोडून ठेवायची गरज नाही. शेवटचं बुडवणं बॅटरीच्या पाण्यात, म्हणजे बोअरच्या क्षारांचे ठिपके पडत नाहीत. वाळत घालायला न्हाणीघर, अंघोळ होऊन गेल्यावर, धूळ खाली बसलेली असते तेव्हा. पंखा बंद.

हो, हो, थांबतो. एकच. या कामाचा माठ वेगळा ठेवा, हायपोचे हात त्यात जाणारच. त्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहा, ‘पिऊ नये’. पाहुण्यांना दिसेल अशा बाजूला.