एटीव्हीचा पट्टा: आधी बघा, मग मोजा, मग हात लावा

नमस्कार श्रोतेहो.

एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी जाड टायरांची छोटी उघडी गाडी, चिखलात रुतलीय, चाकं जागची हलत नाहीत, चालवणारा अंगठ्यानं थ्रॉटल दाबतोय, इंजिन नुसतं ओरडतंय, आणि तेवढ्यात जळक्या रबराचा वास येतो. हा वास ज्याला एकदा आलाय तो तो विसरत नाही. इंजिनाच्या बाजूला प्लॅस्टिकचं एक झाकण असतं आणि त्याच्या आत असतो ड्राइव्ह बेल्ट. आज मी त्या पट्ट्याविषयी बोलणार आहे. तो कसा तपासायचा, त्याचा ताण कसा मोजायचा, आणि ताण कमी-जास्त करायची वेळ आलीच तर काय करायचं.

आधी हा पट्टा करतो काय ते बघू. ज्यांची एटीव्ही ऑटोमॅटिक आहे, म्हणजे पायानं गिअर बदलावे लागत नाहीत, त्यांच्या गाडीत बहुधा दोन पुल्या असतात. एक इंजिनाच्या शाफ्टवर, ती पुढची; दुसरी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, ती मागची. प्रत्येक पुली दोन तबकड्यांची, आणि तबकड्यांना आतून उतार. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात आणि तबकड्या जवळ आणतात. पट्टा त्या उतारावरून वर चढतो. पट्ट्याची लांबी तर तेवढीच, मग मागच्या पुलीच्या तबकड्या स्प्रिंगला दाबून फाकतात आणि तिथे पट्टा खाली उतरतो. सायकलचे गिअर बदलावेत तसंच हे, फक्त पायऱ्या नाहीत, सलग. ही रचना रस्त्यावरच्या मोटारीत आणली ती नेदरलँड्सच्या डाफ कंपनीनं, १९५८ साली. बिनगिअरच्या स्कूटरमध्येही हाच प्रकार असतो, त्यामुळे स्कूटर चालवणाऱ्यांनाही आजच्या बऱ्याच गोष्टी लागू पडतील.

म्हणजे इंजिनाची सगळी ताकद चाकापर्यंत जाते ती पट्ट्याच्या दोन तिरक्या कडांवरून. नुसत्या घर्षणावर. दात दिसतात खरे, पण ते साखळीसारखे कशात अडकत नाहीत. पट्टा सहज वाकावा आणि थंड राहावा म्हणून ते असतात. हे एकदा ध्यानात आलं की तपासणीत नेमकं काय बघायचं ते आपोआप कळतं. कडा बघायच्या.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागी उभी करा, किल्ली काढून खिशात ठेवा, आणि तासभर तरी थंड होऊ द्या. नुकत्याच चालवलेल्या गाडीच्या पुल्या हात भाजतील इतक्या तापलेल्या असतात. मग गिअर न्यूट्रलला घ्या. काही गाड्यांत झाकणापर्यंत हात पोचायला पायदान किंवा बाजूचं पॅनेल काढावं लागतं. झाकणाचे स्क्रू सगळे एका लांबीचे असतीलच असं नाही, म्हणून एका पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढा आणि ज्या जागचा स्क्रू त्या जागी खोचून ठेवा. झाकणाच्या कडेला रबरी सील असतं, ते ओढून काढू नका. ते नीट बसलं नाही तर पुढच्या ओढ्यातच पाणी आत शिरेल.

झाकण उघडल्यावर लगेच पट्ट्याला हात लावू नका. आधी खाली बघा. काळी भुकटी थोडीफार असणारच, पण धाग्यांचे पुंजके किंवा रबराचे तुकडे दिसले तर पट्टा शेवटाला आलाय. तेलाचा ओलावा दिसला तर कुठलं तरी ऑइल सील गळतंय. आधी ते बदला, नाहीतर नवा पट्टाही तेलात भिजेल. आणि ही भुकटी फुंकून उडवू नका. नाकातोंडात जाते. ओल्या फडक्यानं पुसा.

पट्टा काढताना मागच्या पुलीच्या तबकड्या फाकवाव्या लागतात. त्यासाठी बऱ्याच कंपन्या गाडीच्या टूलकिटमध्येच एक बोल्ट देतात. तो पुलीत फिरवत गेलं की तबकड्या दूर होतात, पट्टा ढिला पडून खाली सरकतो, आणि मग मागच्या पुलीवरून अलगद बाहेर येतो. स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पट्टा उपटणारे मी पुष्कळ पाहिलेत. कृपा करून असं करू नका. तबकडी ॲल्युमिनियमची असते, तिच्यावर ओरखडा पडला की तो ओरखडा पुढे प्रत्येक फेऱ्याला पट्टा खरवडत राहतो. पट्टा काढण्याआधी त्यावरचा बाण किंवा अक्षरं कुठल्या दिशेला आहेत ते बघून ठेवा. वापरलेला पट्टा परत घालायचा असेल तर तो त्याच दिशेनं गेला पाहिजे.

आता पट्टा हातात घ्या, चांगल्या उजेडात या, आणि दोन्ही कडा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून हळूहळू सगळा पट्टा चिमटीतून सरकवा. माझ्या गाडीचा पट्टा मी असाच सरकवत होतो. दिसायला चांगला होता, दात शाबूत, भेगा नाहीत. आणि एका जागी बोटं किंचित आत गेली. चारेक बोटं रुंदीचा तो भाग बाकीच्यापेक्षा अरुंद झाला होता. आठवडाभर आधी मी गाडी एका ओंडक्याला टेकवून थ्रॉटल दाबून धरलं होतं, त्याची ही खूण. चाकं अडली की मागची पुली थांबते, पट्टाही जागच्या जागी थांबतो, आणि पुढची पुली मात्र त्याच एका जागेवर घासत फिरत राहते. काही सेकंदांत तिथलं रबर जळून जातं. असा पट्टा प्रत्येक फेऱ्याला एक धक्का देतो. गाडी सुटताना धडधड येऊ लागली की हे कारण आधी आठवा. आणि असा पट्टा सुधारत नाही, तो बदलावाच लागतो.

बाकीच्या खुणाही कारण सांगतात. कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर पट्टा घसरतोय आणि तापतोय. दातांच्या मुळाशी भेगा असतील तर उष्णतेनं किंवा वयानं रबर कडक झालंय. एकाच कडेचे धागे उसवले असतील तर दोन पुल्या एका रेषेत नाहीत, किंवा इंजिनाचं माउंटिंग ढिलं झालंय. अशा वेळी नुसता पट्टा बदलून भागत नाही. नवा पट्टाही त्याच वाटेनं जातो, आणि मग माणूस पट्टा बनवणाऱ्याला दोष देतो.

नंतर वर्निअर कॅलिपर घ्या आणि पट्ट्याची रुंदी मोजा, वरच्या रुंद बाजूला, तीन-चार ठिकाणी. अनेक एटीव्हींत नवा पट्टा ३० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तो किती झिजेपर्यंत चालवायचा हे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. मॉडेलप्रमाणे ती मर्यादा नव्या रुंदीपेक्षा १ ते ३ मिलिमीटरनं कमी असते. मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पट्टा अरुंद झाला की तो पुलीत खोल बसतो, गाडी सुटताना ओढत नाही, आणि वरचा वेगही कमी होतो.

आता ताणाचं. इथे मला एक गोष्ट ठासून सांगायचीय. प्रत्येक एटीव्हीत ताण जुळवायची सोय नसते. काही गाड्यांत पुढच्या पुलीच्या मागे तेलात बुडालेला वेगळा क्लच असतो आणि पट्टा कायम ताठ असतो. तिथे फक्त झीज बघायची, जुळवायचं काही नाही. ज्या गाड्यांत पट्टा स्वतःच क्लचचं काम करतो, म्हणजे इंजिन संथ चालू असताना पुढची पुली पट्ट्याला पकडतच नाही, तिथे मात्र ताण अगदी बरोबर हवा. आपली गाडी कुठल्या प्रकारची, हे मॅन्युअलमध्ये बघूनच पुढे जा.

ताण मोजताना पट्टा बसवलेला हवा. मागची पुली हातानं पाच-सहा वेळा फिरवा म्हणजे पट्टा वर येऊन काठाशी नीट बसेल. मग दोन्ही पुल्यांवर टेकेल अशी सरळ पट्टी पट्ट्यावर ठेवा, मधोमध बोटानं पट्टा दाबा, आणि पट्टीपासून पट्टा किती खाली गेला ते मोजा. बऱ्याच यंत्रांत हा आकडा २५ मिलिमीटरच्या आगेमागे असतो. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलचाच धरा. काही गाड्यांत मोजमापाऐवजी मागच्या पुलीचा काठ बघतात: पट्ट्याची वरची बाजू काठाच्या बरोबरीनं किंवा किंचित वर दिसायला हवी.

पट्टा ढिला असेल तर गाडी सुटताना हिसका बसतो. फार ताठ असेल तर इंजिन संथ असतानाही गाडी पुढे सरकू बघते, आणि गिअर टाकताना करकर होते. गिअरबॉक्सच बिघडला असं समजून गाडी खोलून ठेवलेली मी पाहिलीय. दोष होता तो एवढ्याशा ताणाचा. जुळवणी बहुधा मागच्या पुलीत होते. तिच्या दोन तबकड्यांमध्ये पातळ चकत्या असतात, शिम म्हणतात त्यांना. शिम काढली की तबकड्या जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि ताठ होतो. शिम घातली की ढिला होतो. एका वेळी एकच शिम बदला, पुली हातानं फिरवा, पुन्हा मोजा. काही मॉडेलांत शिमऐवजी स्क्रू असतो, रीत तीच. आणि झिजलेल्या पट्ट्याचा ढिलेपणा शिम काढून झाकू नका. आधी रुंदी मर्यादेत आहे याची खात्री करा.

बसवताना तबकड्या अल्कोहोल किंवा ब्रेक क्लीनर लावलेल्या स्वच्छ फडक्यानं पुसा आणि नखानं चाचपून बघा, खाच लागतेय का. नवा पट्टा कोमट साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा, कारखान्यातून येताना त्यावर पातळसा थर असतो. पट्ट्याला कुठलाही स्प्रे किंवा वंगण लावायचं नाही, कधीच नाही. आणि पट्टा काढलेला असताना इंजिन सुरू करू नका. भार नसल्यामुळे पुढची पुली बेफाम फिरते आणि फुटूही शकते.

नव्या पट्ट्यानं पहिले पन्नासेक किलोमीटर गाडी जपून चालवा. वेग कमी-जास्त करत राहा, जड ओढू नका. पुढेही ओझं ओढताना, चढावर, चिखलात, ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या खाली चालायचं असेल तर लो गिअर वापरा. पाण्यातून गेल्यावर पट्टा घसरायला लागला तर झाकणाखालचा ड्रेन प्लग काढून पाणी सोडा, न्यूट्रलमध्ये इंजिनाचा वेग थोडा वर-खाली करा, पट्टा वाळू द्या.

झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला मार्करनं तीन गोष्टी लिहा: आजची तारीख, किलोमीटरचा आकडा, आणि पट्ट्याची मोजलेली रुंदी. माझ्या झाकणावर अशा सात ओळी आहेत, एकाखाली एक. पुढच्या वेळी झाकण उघडाल तेव्हा पट्टा किती किलोमीटरमध्ये किती झिजला, ते तुम्हाला तिथेच वाचता येईल.

नमस्कार.