पांडवलेणीतल्या नावा आणि डहाणूचं पाणी

(दृश्य: पांडवलेणी, दहावं लेणं. भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं.)

नाशिकहून समुद्र गाठायचा तर आधी घाट उतरावा लागतो. तरीही नाशिकच्या या भिंतीवर नावा आहेत. सुमारे 1900 वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं हा लेख कोरवून घेतला. दानधर्माची लांबलचक यादी आहे. त्यात पारादा, दमण, तापी, दाहणुका अशा नद्या येतात. या नद्यांवर त्यानं फुकट नावा ठेवल्या, आणि दोन्ही तीरांवर वाटसरूंसाठी धर्मशाळा नि पाणपोया उभ्या केल्या. दाहणुका ही डहाणूची नदी, असं अभ्यासक मानतात.

(दृश्य: डहाणूची खाडी. शीड चढतंय.)

त्याच डहाणूतून नाशिकची चार पोरं शिडाची छोटी होडी घेऊन निघाली आहेत. जायचंय विजयदुर्गापर्यंत. शिकली ती गंगापूर धरणावर, आणि धरणाला भरती-ओहोटी नसते. इथे उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, उतरतं. वेळ चुकली की होडी चिखलात.

मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक आहेच. पण धक्क्यावरचे तांडेल काका तिथी विचारतात. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. रामकुंडाच्या गावची ही पोरं, तिथी त्यांच्या घरात रोज निघते. पण ती उपासासाठी आणि श्राद्धासाठी!

वाऱ्याचंही गणित आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, तो होडीला बाहेर काढतो. मग मधेच वारा पडतो, शीड लोंबतं. दुपारनंतर वायव्येचा वारा धरला, की दक्षिणेकडे पळायचं.

(दृश्य: सातपाटीसमोरचा समुद्र. पाण्यातून वर आलेले खुंट.)

डोल जाळ्यांचे हे खुंट समुद्राच्या तळात ठोकलेले असतात. अंधारात त्यांवर आपटलं तर होडीही जाते आणि कोळ्याचं जाळंही. म्हणून सातपाटीचा एक खलाशी आपली बोट पुढे घालतो आणि खुंटांच्या रांगा संपेपर्यंत सोबत येतो. डिझेलचे पैसे घ्या म्हटलं तर हात झटकतो. धाडस पोरांचं, हे खरं. पण वाट त्याची, हेही बोललं पाहिजे.

(दृश्य: हर्णै बंदर, संध्याकाळचा लिलाव.)

हर्णैला माशांचा लिलाव वाळूवरच होतो. या गोंधळात कुणाला पाहुण्यांकडे बघायला वेळ असेल असं वाटत नाही. तरी टोपल्या उचलता उचलता एक मावशी विचारतातच, "जेवलात का रे? मग आधी जेवा, होडी कुठं पळून जात नाय." फाटलेलं शीड त्यांच्या अंगणात पसरतं. जाळं विणणारे हात तासाभरात ते शिवून देतात. टाका जाडाभरडा आहे, पण सुवर्णदुर्गाला वळसा घालताना तो उसवत नाही.

(दृश्य: विजयदुर्ग, वाघोटण खाडीचं तोंड.)

आंग्र्यांच्या आरमाराची जहाजं याच खाडीत, गिर्ये इथल्या गोदीत, दुरुस्तीला येत. आज तिथं नाशिकची होडी नांगर टाकते. ठरलेला प्रवास झाला. पण पोरांची नजर मालवणकडे लागलीय. धक्क्यावरचे एक आजोबा आधी त्यांचा नांगराचा दोर तपासतात, दुसरा जाड दोर आणून देतात, आणि मग सांगतात: मालवणात माझा साडू आहे, त्याला फोन केलाय, उद्या दुपारच्या वाऱ्याला निघा.